मोराच्या बुडाशी नाव

आवेज, सलाम.

माझ्या लग्नात तू दिलेला चिनी मातीचा मोर विकायला काढला होता, छत गळतंय म्हणून. जळगावचा व्यापारी म्हणाला, "चाचा, बनवणाऱ्याचं नाव सांगा, मग बोलू."

पडून फुटेल या धास्तीने मी तो तेव्हाच कोनाड्यात सिमेंटने बसवला होता. आज छिन्नीने जपून सोडवला, तर बुडाशी निळ्या अक्षरांत तुझंच नाव! आणि मी लग्नात चारचौघांत म्हणालो होतो, "बाजारातलं स्वस्त उचलून आणलंस." त्या दिवसापासून तू पुन्हा आला नाहीस.

मोर विकत नाही. हे पत्रही टपालात टाकत नाही, तू न वाचताच फाडशील. उद्या चाळीसगावला येतो. दार उघडशील ना? तुझी भाभी सलीमा म्हणते, "उघडतील हो, आधी गाडी तर पकडा!"

तुझा घाबरट भाऊ,
हबीब, नशिराबाद