बोट कुणाकडे होतं?

सातूकापणीचा महिना, चंद्राचा चौथा दिवस

आज राजा आमच्या परिटांच्या शेतात आला होता! म्हणजे आमच्याकडे नाही — वरच्या तळ्याचा पाट बघायला. उत्तरेचे दोन राजे, दिमिष्कचा आणि शोमरोनचा, हातमिळवणी करून यरुशलेमवर चालून येताहेत. वेढा पडला तर पाणी पुरेल का, ही चिंता. त्यांना आमच्या राजाला काढून दाविदाच्या गादीवर 'ताबेलाचा मुलगा' बसवायचाय. कोण हा ताबेल, देव जाणे. आणि ज्याला राजा करायचं त्या पोराचं नावही कुणी सांगत नाही — बापाच्या नावावर चाललंय बिचाऱ्याचं.

राजाच्या लोकांनी नाकं दाबून धरली होती. आमच्या धंद्याचा वास! खार, राख आणि शिळं मूत, याशिवाय लोकर पांढरी होते का? झगे मात्र एकेकाचे कसे शुभ्र. आम्हीच धुतलेले.

तेवढ्यात तो संदेष्टा आला, आपल्या पोराचा हात धरून. राजाला म्हणाला, घाबरू नकोस, ते दोघे म्हणजे विझत आलेली कोलितं आहेत. हवी ती खूण माग देवाकडे. राजा म्हणतो कसा, मी देवाची परीक्षा बघणार नाही! एवढा सोवळा कधीपासून झाला हा? खूण मागितली आणि मिळाली, तर विश्वास ठेवावा लागेल, ही खरी अडचण. संदेष्टा चिडला. आणि नेमक्या तेव्हाच आमच्या ओळीतल्या सगळ्या कपडे बडवायच्या मोगऱ्या धपाधप चाललेल्या. शिपाई ओरडला तेव्हा कुठे थांबलो. कानावर आलं ते एवढंच — ती तरुणी गरोदर आहे, तिला मुलगा होईल, ती त्याचं नाव इम्मानुएल ठेवील. आणि हात असा फिरवला. आमच्या दिशेने!

इम्मानुएल. म्हणजे देव आमच्याबरोबर.

तिथे पोटुशा दोघीच होतो. मी, आणि पाणी भरायला आलेली कुंभाराची मिल्का. तिच्याच नवऱ्याच्या फुटक्या माठांवर मी हे लिहीत असते. खापर भरलं.


पाचवा दिवस

कालपर्यंत मी नावडती आणि माझं मीठ अळणी. माझं नाव तिरसा, उत्तरेतल्या त्या शत्रूच्या जुन्या राजधानीचंही नाव तिरसाच. लग्न झाल्यापासून सासूबाई सांगत आल्या आहेत की आपल्या मुलाने शत्रूचं गावच घरात आणून ठेवलंय. आज मात्र 'तिरसाबाळ, मोगरीला हात लावू नकोस' — आणि पुढ्यात दह्याचा वाडगा, वर मध. ते पोर दही आणि मध खाईल, असंही संदेष्टा म्हणाला म्हणे.

मी म्हटलं, खाणार पोर आहे, मी नाही.

"पोर सध्या काय वेगळ्या तोंडाने खातंय?"

वाडगा ओढला. खाल्लं.


सहावा दिवस

अज्जूर तटाच्या कामावरून घरी आला. माझ्या नवऱ्याला राजाने परिटाचा गवंडी केलाय — रोज दगड वाहतो. त्याचं म्हणणं, दही-मध म्हणजे काही चैन नव्हे. सैन्यं शेतं तुडवून गेली, नांगर बंद पडले, की माणसाजवळ राहतं काय? एखादी गाय, आणि रानातलं पोळं. मग खूण चांगली की वाईट, मी विचारलं. दोन्ही, म्हणाला. संदेष्ट्यांचं असंच असतं.

पण पुढचं वाक्य चांगलं आहे. वाईट नाकारायचं आणि चांगलं निवडायचं, हे त्या पोराला कळू लागण्याआधी दोन्ही राजांचे देश ओस पडतील. अज्जूरने विचारलं, हे कळायला पोराला किती दिवस लागतात?

"तुला अजून कुठे कळतंय?" सासूबाई म्हणाल्या.


अकरावा दिवस

दही. मध. दही. मध.


जवळजवळ पौर्णिमा

मिल्का खार मागायला आली. कुंभाराच्या घरात खार कशाला? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं! आली ती माझं पोट बघायला. मीही तिचं बघून घेतलं. तिचं पुढे टोकदार, माझं गोल. तिचं म्हणणं, टोकदार म्हणजे मुलगा. सासूबाईंचं म्हणणं, टोकदार म्हणजे अपचन.

मग वाद बोटावर आला. मिल्का म्हणते, संदेष्ट्याचा हात फिरत फिरत तिच्याजवळ थांबला. सासूबाई म्हणतात, तिच्यावरून पुढे सरकला आणि माझ्याजवळ थांबला. राजवाड्यातल्या दासी म्हणतात, बोट राजाच्या नव्या राणीकडे होतं, कारण आमच्या मागे राजवाडा आहे. मान्य, आहे. पण बराच मागे आहे!

जाताना मिल्का खार विसरून गेली.


गहूकापणीचा महिना, दुसरा दिवस

आज खरं लिहिते. मला आवडतंय हे. नाक दाबून जाणाऱ्या बायका आता थांबून विचारतात, कशी आहेस. अंजीरवालीने पदरात चार अंजिरं जास्त टाकली. उद्या पोर रांगू लागलं की म्हणतील, बघा, इम्मानुएल चालला. परिटाचं पोर! कोण वाईट वाटून घेईल?


नववा दिवस

वेशी दिवसाही अर्ध्याच उघडतात. पलीकडच्या डोंगरावर संध्याकाळी विस्तव दिसतात — त्यांचे. आम्हाला तळ्यावरून उठवून तटाच्या आत आणलंय, भिंतीला टेकून एका खोलीत. शेजारच्या खोलीत मिल्का. दोन पोटं आणि मध्ये एक पातळ भिंत. तिचं घोरणं ऐकू येतं. तीही माझ्याबद्दल हेच म्हणते.


चौदावा दिवस

मंदिरातून धुवायला कापड आलं. याजकांचे झगे नव्हेत — जाड ताग्यांचे तुकडे, गुंडाळायचे. त्यातल्या एकात चांदीची कपची अडकलेली. सासूबाईंनी लगेच ओळखलं. देवाच्या घरातली भांडी बांधून कुठेतरी चालली आहेत. संध्याकाळी अज्जूरने सांगितलं, अश्शूरच्या राजाकडे. 'मी तुझा दास, तुझा पुत्र, येऊन मला सोडव' असा निरोपही गेलाय.

म्हणजे राजाचा माझ्या पोटावर विश्वास नाही!

हसले खरी, पण अज्जूर हसला नाही. म्हणाला, मांजरं हाकलायला यांनी सिंह बोलावलाय. मांजरं जातील. मग सिंहाला कोण हाकलणार?


द्राक्षछाटणीचा महिना, तिसरा दिवस

सासूबाईंनी घोळ घातला.

भाकऱ्यांच्या भट्टीवर कुणी चांदीचा विषय काढला. सगळे राजाला नावं ठेवत होते. तेव्हा आमच्या सासूबाईंनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! म्हणाल्या, हा राजा गेला तर गेला, माझा नातू बसेल दाविदाच्या गादीवर. देव त्याच्याबरोबर आहे, नावातच आहे. सगळ्या हसल्या. सासूबाई स्वतःही हसल्या म्हणे.

मी म्हटलं, असं चारचौघांत बोलू नका. "अगं, थट्टा ती," म्हणाल्या.


पाचवा दिवस

थट्टा आमच्या आधी वेशीपर्यंत पोचली. आज दोन म्हाताऱ्या माझ्या पोटाला हात लावायला आल्या. एकीने वाकून विचारलं — राजा कधी येणार?


आठवा दिवस

महालाचा कारभारी आला. उंच, गोडबोल्या, दाढीला तेल. नाक दाबलं नाही, तेव्हाच मला भीती वाटली. उभ्या उभ्या म्हणाला, "मुलगा झाला की महालात आणायचा. राजाच्या नजरेसमोर वाढेल. तुमचं केवढं भाग्य."

"भाग्यच हो," सासूबाई म्हणू लागल्या, आणि मधेच थांबल्या.

मी विचारलं, आणि मला? मला नाही, म्हणाला. दूध पाजायला महालात बायका आहेत.

तो गेला. राजाने स्वतःच्या एका मुलाला हिन्नोमच्या खोऱ्यात बळी म्हणून अग्नीत दिलं, हे सगळ्या शहराला माहीत आहे आणि कुणी उच्चारत नाही. त्या खोऱ्यातून धूर येऊ लागला की आम्ही वाळत घातलेले कपडे आत घेतो. ज्याने पोटचा दिला, तो परिटाचा का ठेवील? आणि तोही गादीवर बसणार अशी आवई उठलेला!

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझी जीभ जळो." मी रागावणार होते. पण त्या इतक्या लहान दिसत होत्या.


नववा दिवस

दारात पहारेकरी बसवलाय. मानासाठी, म्हणे! पळून जायची सोय नाही. गेलो तर तटावर काम करणाऱ्या अज्जूरला धरतील.

सासूबाई सकाळपासून गल्लोगल्ली सांगत फिरताहेत की बोट मिल्काकडे होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मिल्का भिंतीपलीकडून ओरडून सांगतेय की तिच्याकडे नव्हतंच, तिरसाकडे होतं, तिचं पोट बघा कसं तेजस्वी दिसतं. दोन महिन्यांपूर्वी याच दोघी उलटं भांडत होत्या. मी मधे बसून दही खाल्लं. उरलेलं पहारेकऱ्याला दिलं. गरीब आहे तो, आणि भुकेला.


तेरावा दिवस

मिल्का पहाटे वेस उघडताच तकोवाला, बापाच्या घरी निघून गेली. तिच्या दारात पहारा नव्हता, कारण आमच्या सासूबाई जास्त बोलल्या होत्या. जाण्याआधी आली. नवीन माठ दिला. "हा फोडू नकोस हं लिहायला," म्हणाली. मग गळ्यात पडली, म्हणजे मधल्या दोन पोटांनी जितकं पडू दिलं तितकं. म्हणाली, तुला सोडून जाताना लाज वाटतेय. मी म्हटलं, जा. मी तुझ्या जागी असते तर काल रात्रीच गेले असते.


विसावा दिवस

मला खूण नको. मला पोर पाहिजे. मोठं, मळकं, हट्टी, माझ्या मोगऱ्या पळवणारं पोर. दाविदाची गादी ज्याला हवी त्याने घ्यावी.

अज्जूर संदेष्ट्याच्या दारी जाऊन आला. विचारायला गेला होता, बोट कुणाकडे होतं ते एकदा सांगून टाका. दार उघडलं ते त्याच्या बायकोने. तीही पोटुशी! म्हणाली, आमच्या ह्यांना विचारू नका, ह्यांनी माझ्या या पोराचं नाव आत्ताच ठरवलंय, महेर-शालाल-हाश-बज. मी हसून हसून भिंत धरली. एवढी हाक पुरी होईपर्यंत पोर खिद्रोनच्या ओढ्यापलीकडे गेलेलं असेल!

बऱ्याच दिवसांनी हसले. मग रडले. अज्जूर माझे पाय चेपत बसला.


उन्हाळी फळांचा महिना, पहिला दिवस

डोंगरावरचे विस्तव गेले! सकाळी तटावरून सगळे बघतात तर पलीकडे कुणी नाही. अश्शूर निघालाय म्हणे, म्हणून दोघे राजे आपापली घरं सांभाळायला धावले. शहर रस्त्यावर आलंय. ढोल, द्राक्षं, नाच.

आणि आता सगळ्यांचा विश्वास बसला. संदेष्टा खरा, खूण खरी, म्हणून पोर खरं! दारासमोर गर्दी. बायका इम्मानुएलच्या नावाने गाताहेत. पहारेकरी एकाचे चार झाले. कारभाऱ्याने लहानसं जांभळं दुपटं पाठवलंय. इतका मऊ कपडा मी जन्मात धुतला नव्हता. कोपऱ्यात ठेवलंय, हात लावला नाही.

सासूबाईंनी दिवसभर काही खाल्लेलं नाही. तीन महिने मुलगा मुलगा करणारी बाई आज भिंतीकडे तोंड करून काय मागतेय, ते मला ऐकू आलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मीही तेच मागत होते.


चौथा दिवस

कळा सुरू. सुईण आली. एक पहारेकरी महालाकडे पळाला. उरलेलं मग.


सहावा दिवस

मुलगी झाली.

कारभारी उंबरठ्यापर्यंत आला होता. सासूबाईंनी बाळ उघडं करून त्याच्या नाकासमोर धरलं, नीट बघा म्हणाल्या. त्याने बघितलं, दुपटं उचललं आणि निघाला. पहारा उठला. गाणाऱ्या बायका हळूहळू पांगल्या. एक म्हातारी तर चुकचुकली.

सासूबाईंनी दार लावून घेतलं, अडसर घातला, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "देव आपल्याबरोबर आहे गं."

मग आम्ही दोघींनी एकदमच बाळाकडे बघितलं.