मेंढीची समजूत

बायनहोंगोर, १४ मार्च १९९३

ति. यांजमाताईस,
धाकट्या शागदरचा सा. न. वि. वि.

थंडीने यंदा छळलं, पण आम्ही खुशाल आहोत. सरकारी मेंढपाळ संघ मोडला, मेंढ्या घरोघरी वाटल्या आणि तुझा भाऊ मालक झाला! पण मालकाला येतं काय? वीस वर्षं संघाने मला नुसते खच्ची मेंढे राखायला दिले. माद्या दुसऱ्याकडे, उंट तिसऱ्याकडे. आता माद्या माझ्या दारात विताहेत आणि पहिलटकरणी पिलांना अंगावर घेत नाहीत, लाथा मारतात. दोन कोकरं गेली. अशीच जात राहिली तर आम्ही खायचं काय? नोरोवला विचारावं, तर बायको माझी जन्मभर संघाच्या टेलिफोनवर बसलेली. म्हणते, मेंढीला फोन लावून देऊ का?

आई अशा मेंढीपाशी बसून गायची आणि तू आईला चिकटलेली असायचीस. ते गाणं लिहून धाड, शहरचा पाव खाऊन विसरली नसशील तर. टपालाच्या गाडीला पेट्रोल नाही, म्हणून पत्र लोकरीच्या ट्रकवाल्याकडे देतोय.

तुझ्या मायेचा भुकेला,
शागदर

उलानबातर, २२ मार्च

चि. शागदर यास अनेक आशीर्वाद.

विसरले नाही रे गाढवा. कोकराच्या पाठीला मीठ चोळ, मेंढीला चाटू दे. दोघांना जवळ बांध, शेजारी बस आणि म्हण, तोइग, तोइग. शब्द एवढेच. विनवणी करायची, हुकूम नाही. रुसलेल्या सुनेपाशी बसतात तसं.

आमच्या गालिच्यांच्या कारखान्याला अजून कुलूपच आहे. चौकातल्या गर्दीत लोकशाहीसाठी मीही घसा फोडला होता, त्याचा पस्तावा नाही. पण आता सकाळी पावाच्या रांगेत उभी असते आणि मग कारखान्याच्या फाटकाशी. ये म्हणू नकोस. फाटक उघडलं तेव्हा मी नसले, तर माझा माग दुसरीला देतील. तुमच्या चुलीचा धूर मात्र स्वप्नात येतो.

नोरोवला गालगुच्चा. लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई

बायनहोंगोर, २ एप्रिल

ति. ताईस सा. न.

मीठ चोळलं, बांधलं, गायलो. संघाचा अध्यक्ष भाषण ठोकायचा तेव्हा आम्ही जसे बघायचो, तसं मेंढीने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. नोरोव म्हणते, हा गळा मेंढे हाकायचा, याने पान्हा कसा फुटेल? कोकरू गेरच्या तंबूत चुलीपाशी आहे, बाटलीवर. अजून बऱ्याच विणार आहेत.

नको म्हणालीस तरी लिहितोच. ताई, ये. तुझी खाट काढलेली नाही. रोज तिच्याकडे लक्ष जातं आणि घास उतरत नाही.

वाट बघणारा,
शागदर

उलानबातर, ११ एप्रिल

चि. शागदर यास आशीर्वाद.

तुला चाल नीट सांगावी म्हणून काल खिडकीशी गाऊन बघितलं. किती वर्षांनी! दारावर थाप पडली. वाटलं, शेजारच्या होरलोबाई भांडायला आल्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहून रडत होत्या. गोबीच्या वाळवंटातल्या, गुराख्यांच्या घरातल्या आहेत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. चहाची किटली संपेपर्यंत बसल्या. जाताना म्हणाल्या, तुला कुणी बोलावतंय ना, मग बसलीस कशाला?

आज पुन्हा फाटकाशी गेले. कुलूप तेच. एकाएकी मनात आलं, अगं, तू तरी दुसरं काय करते आहेस? हा कारखाना तुला हुंगूनही बघत नाही आणि तू रोज ढुशी देतेस.

हे पत्र आज निघणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्याकडे देतेय; आपला ट्रकवाला परवा निघतोय. लोकरीच्या गाठोड्यांवर मला जागा देतो म्हणाला. कोकराला बाटलीची फार सवय लावू नको, मेंढीला लांब सोडू नको.

चाल कागदावर उतरत नाही रे. बाकी समक्ष.

तुझी ताई