कोपऱ्यावरची जागा

४ फेब्रुवारी
हाताला फोड आलेत, तरी आनंद! कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेतला कचरा आज एकदाचा संपला. अख्खी गल्ली राबली. जाऊबाईसुद्धा — घरात स्वतःचं ताट उचलत नाहीत त्या! बाटल्या, काचा, एक मेलेली घूस. आता तिथं पोरं खेळतील.

६ फेब्रुवारी
वेल्डरनं झोपाळा आणून रोवला. जुन्या पाइपांचा, पण भक्कम. टेम्पोवाला आपल्या दारातून बघत होता. इतकी वर्षं त्याचा टेम्पो तिथंच उभा असायचा. मला म्हणाला, "शिंपीणबाई, मशीन चालवा. जागेच्या भानगडीत पडू नका."
"जागा सगळ्यांची आहे," मी म्हटलं.
थुंकला. माझ्या पायाशी.

७ फेब्रुवारी
टेम्पोवाल्यानं वेल्डरच्या तोंडावर पाना घातला. भर रस्त्यात. पुढचे दात गेले. लोक नुसते बघत राहिले. मीही! वेल्डर तक्रार द्यायला तयार नाही — "पुन्हा मारेल."

९ फेब्रुवारी
दुपारी आम्ही बायका रोपं लावत होतो. टेम्पो थेट आत घुसला. कुंपण मोडलं, झोपाळा आडवा. जाऊबाईंना बाजूला होता आलं नाही. पाय चाकाखाली. तो आवाज! ओली फांदी मोडावी तसा. टेम्पोवाला खाली उतरला. "सांगितलं होतं ना?" म्हणाला आणि कळवळणाऱ्या जाऊबाईंना टाचेनं बाजूला ढकलायला लागला.
माझ्या हातात फावडं होतं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. गुडघ्यावर आला तरी शिव्या चालूच. त्या बंद व्हाव्यात म्हणून आणखी एक घातला. मग तो आडवा झाला आणि मी थांबले. रोपांच्या आळ्यांत रक्त.
खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
हवालदार येऊन गेला. सगळ्यांचं एकच — घसरून पडला. ह्यांनीही तेच सांगितलं, नजर न हलवता! जेवताना मात्र पुटपुटले, "मी तुला ओळखतच नव्हतो." भाकरी माझ्या हातून घेतली नाही.

१३ फेब्रुवारी
जाऊबाईंच्या पायात सळई घातली. शुद्धीवर येताच मला म्हणाल्या, "झोपाळा उभा केलात का गं?" आयुष्यभर भांडलो दोघी. आज गळ्यात पडून रडलो.

१५ फेब्रुवारी
झोपाळा उभा! टेम्पोवाला वाचला. त्यानंही जबाब दिला — घसरलो. बाईनं लोळवलं असं कोण सांगेल! गल्लीत हसून हसून पुरेवाट. मी हसले नाही, पण सुटले.

१८ फेब्रुवारी
टेम्पोवाल्याची बायको दारात आली. मी हात जोडले. तिनं पदर सरकवला. गळ्यावर बोटांचे वळ — जुने, पिवळे पडलेले.
"उद्या घरी सोडतायत त्याला," ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही का हो थांबलात?"