तुझ्या तळघरातला ड्रायर

मिनेसोटा,
१९ फेब्रुवारी

प्रिय लाइल यास,

एल्डन ब्रेक्केचा तळ्याकाठून नमस्कार. विनंती विशेष म्हणावी अशी काही नाही. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे फर्न बरी आहे, आणि माझ्याबद्दल तुझ्या या वहिनीचं काय मत आहे ते तुला ठाऊकच आहे. तुझा गुडघा कसा आहे? तुझी लेक पॉला आणि नातवंडं कशी आहेत? अ‍ॅरिझोनात मुलीच्या अंगणातल्या झाडावरून मोसंबी तोडून नाश्त्याला खातोस असं तू लिहिलंस, ते मी फर्नला मोठ्याने वाचून दाखवलं. फेब्रुवारीत झाडाला मोसंबी! तू खोटं बोलणारा माणूस नव्हेस, पण ऊन डोक्यात जातं म्हणतात. इथे आज सकाळी उणे बावीस होतं, वारा धरला नाही तर. फार वाईट नाही.

तुझ्या ड्रायरच्या कामाला तीन आठवडे का लागले, याचा खुलासा तू फोनवर मागितला नाहीस (तू मागणारच नाहीस, मागच्या एकतीस वर्षांत मी नेलेली तुझी शिडीसुद्धा तू परत मागितली नाहीस), म्हणून मीच लेखी देतो. तुझं घर बघून गेलेल्या मिनिआपोलिसच्या जोडप्याला ते आवडलं. घर विकून देणाऱ्या क्रिस्टा नोवाचेकबाई म्हणाल्या की भट्टी, गिझर, शेगडी आणि कपडे वाळवायचा ड्रायर ही चारही यंत्रं चालतात असा सही केलेला कागद महिनाअखेरपर्यंत मिळाला, तर व्यवहार पक्का. नाहीतर ते दोघं तळ्याच्या पलीकडचं हिरवं घर घेणार. भट्टी, गिझर, शेगडी ठणठणीत. ड्रायर मात्र नुसता गरगर फिरतो आणि गार वारा सोडतो. तू म्हणालास, "एल्डन, किल्ली तुझ्याकडेच आहे, जरा बघशील का? सवड असली तर." मी म्हणालो, "बघतो की." तू म्हणालास, "मग ठीक." आणि आपण फोन ठेवला. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आपण चौदा शब्द बोललो असू.

आता ड्रायर तपासायचा म्हणजे ओले कपडे हवेत. तुझ्या घरात ओलं करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, टॉवेलसुद्धा तू नेलास. म्हणून आमच्याकडचे धुतलेले कपडे टोपलीत भरून मी अंगणातून तुझ्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर माझे लोकरीचे लांब पायजमे गोठले आणि टोपलीतून पाय वर करून उभे राहिले. तुझ्या मागच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांची घडी घालायला गुडघा लावावा लागला. फर्न खिडकीतून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "आपला ड्रायर घरात चांगला चालतोय आणि तू कपडे शेजाऱ्याकडे फिरायला नेतोस. लोक विचारतील तर काय सांगू?" मी म्हणालो, तपासणी चालू आहे असं सांग.

पहिला संशय बाहेरच्या झडपेवर. गरम हवा जिथून बाहेर पडते ती भिंतीतली झडप बर्फाने गच्च बसली होती. मी किटलीभर उकळतं पाणी तिच्यावर ओतलं. (लाइल, कृपा करून हे चर्चमधल्या कॉफीच्या टेबलावर कोणाला लिहून कळवू नकोस.) ते पाणी जागच्या जागी गोठलं आणि आधी बोटभर होता तो बर्फ मनगटाएवढा झाला. फर्न म्हणाली, "बहात्तर वर्षं या गावात काढलीस ना रे तू? की कोणी तुला कालच इथे आणून सोडलंय?" मग हातोडीने ठोकून ठोकून दीड तासात झडप मोकळी केली. ड्रायर तरी गारच.

मग यंत्र भिंतीपासून ओढलं आणि मागचा पत्र्याचा नळ काढला. आत कपड्यांचा कापूस साचलेला, हातभर. वर्षावर्षाचे थर. सर्वांत वर करडा, तुझ्या एकट्याच्या शर्टांचा. त्याखाली मात्र लाल. आर्डिथवहिनीचा तो नाताळातला लाल स्वेटर रे, ज्याला ती दरवर्षी "या वर्षी शेवटचा" म्हणायची. जाऊन चार वर्षं झाली तिला, आणि तुझ्या ड्रायरच्या नळात तिचा स्वेटर अजून होता. मी तो कापूस केराच्या पिशवीत घातला आणि मग पुन्हा बाहेर काढला. कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, तुला कळलं तर कळव. त्याच नळात आपल्या पत्त्यांच्या, क्रिबेजच्या पटाची गुण मोजायची एक हाडाची खुंटी मिळाली. ती मी चोरली असा आरोप तू ज्या हिवाळ्यात केलास, तो सगळा हिवाळा आपण आगपेटीच्या काडीने खेळलो होतो. मी माफीची वाट बघत नाहीये. नुसतं कळवलं.

पुढची पायरी म्हणजे खालचा पत्रा काढून आग पेटते का ते बघणं. त्यासाठी तळघराच्या सिमेंटवर कुशीवर झोपावं लागतं, गाल जमिनीला टेकवून. यंत्र सुरू केलं की आतली पेटवणारी कांडी हळूहळू लाल होते, मग नारिंगी होते, आता भडका होणार असं वाटतं, आणि कांडी विझते. मग थोड्या वेळाने पुन्हा लाल. मी हे तीन दिवस बघितलं. खरं सांगू का, बघायला छान वाटतं. हार्डवेअरच्या दुकानातला वेंडेल प्रॉक्नो म्हणाला, "कांडी पेटते पण ज्योत येत नाही ना? मग गॅस सोडणाऱ्या झडपेच्या कॉइल गेल्या. शंभर टक्के." कॉइल बदलल्या. ज्योत नाही. वेंडेल म्हणाला, "मग फ्यूज. पैजेवर सांगतो." फ्यूज बदलला. ज्योत नाही. तिसऱ्या वेळी वेंडेल म्हणाला, "तुझ्यासारखी गिऱ्हाइकं वर्षातून दोन मिळाली तरी मी अ‍ॅरिझोनाला जाईन." आणि त्याच दिवशी, तळघरात जमिनीवरून उठताना, माझं कोपर त्या कांडीला लागलं आणि तिचे दोन तुकडे झाले. ती खडूपेक्षा नाजूक असते. नवी मिनिआपोलिसहून मागवली, आणि मग हिमवादळ आलं.

त्या दिवसांत मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचो. (कॉफी माझी, कप तुझा.) आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तुझ्या टेबलाशी बसलं की खिडकीतून आमचं अख्खं स्वयंपाकघर दिसतं! फर्न पाव कापताना दिसते, मी चष्मा शोधतो ती फडताळाची जागा दिसते, सगळं. एकतीस वर्षं तू हे बघत होतास आणि एका शब्दाने बोलला नाहीस. मीही तुला कधी सांगितलं नाही की आमच्या खिडकीतून तुझा दिवा दिसतो. सकाळी साडेपाचला तो लागला की मी उठायचो. घड्याळाची कटकट नव्हती. हल्ली मी उठतो, तिकडे बघतो, आणि पुन्हा आडवा होतो. फर्न म्हणते मी आळशी झालोय.

मागच्या बुधवारी क्रिस्टाबाई त्या जोडप्याला घेऊन आल्या, मी तळघरात आडवाच होतो. "मिस्टर ब्रेक्के, झालं का हो?" "होईल." "म्हणजे कधी?" "वादळावर आहे." जोडपं वाईट नाही, खोटं कशाला बोला. बूट दारात काढले, फर्नने पाठवलेल्या, बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशची बाईने मला कृतीसुद्धा विचारली. पण मग तो तरुण मागच्या खिडकीशी उभा राहिला, आपल्या दोन घरांमधल्या बर्फातली पायवाट बघितली, आणि म्हणाला, "इथे कुंपण नाही? चालेल, उन्हाळ्यात घालून घेऊ." लाइल, मी नाकासमोर चालणारा माणूस, कोणाला दुखावत नाही. मी म्हणालो, "छान दिसेल." घरी येऊन मी जेवलो नाही.

तर असा हा ड्रायर. जुनी यंत्रं हट्टी असतात. पॉलाला आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा, आणि तुला मोसंब्यांबद्दल अभिनंदन. उन्हात टोपी घालत जा.

तुझा शेजारी (सध्या तरी),
एल्डन

ता. क. पत्र पाकिटात घालताना मनाला टोचलं म्हणून लिहितो. ड्रायर चालतो. दहा दिवस झाले. कांडी वादळानंतर दुसऱ्याच दिवशी आली. ती बसवण्याआधी गॅसचा कॉक बंद करावा म्हणून यंत्रामागे हात घातला, तर कॉकची दांडी पाइपला आडवी, म्हणजे आधीच बंद. नोव्हेंबरात तू गेलास त्या दुपारी रिकाम्या घरात ड्रायरला गॅस कशाला म्हणून मीच तो बंद केला होता आणि साफ विसरलो होतो. कांडी बसवली, दांडी सरळ केली, जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. बटण दाबलं आणि भक्कन ज्योत आली. त्या दिवसापासून आमचे कपडे तुझ्याकडेच वाळतात. क्रिस्टाबाईंना मी वादळाचं सांगत राहिलो. तेव्हा आकाश निरभ्र होतं.

ता. क. २. फर्नने वरचं सगळं वाचलं. म्हणाली, "सहा पानं ड्रायर! त्या माणसाला सरळ लिही की घर विकू नकोस." तर लिहितो. घर विकू नकोस, लाइल. पुढचा हिवाळाही तिकडे काढ हवा तर, पण घर ठेव. तू म्हणालास "आता हेच बरं" आणि मी म्हणालो "हो ना", ते मी उगाच म्हणालो. मला तुझ्याशिवाय करमत नाही. हे फोनवर मला जमलं नसतं, तुलाही ऐकवलं नसतं.

ता. क. ३. चारही यंत्रं चालतात असा कागद सोबत आहे, खाली माझी सही आहे, आणि तो खरा आहे. शेवटी घर तुझं. फक्त तो क्रिस्टाबाईंच्या हातात घरमालकाने स्वतः नेऊन द्यावा लागतो, पोस्टाने चालत नाही. (फर्न म्हणते चालतं, त्या तसं म्हणाल्या. फर्नला ऐकू कमी येतं.) कागद द्यायला ये किंवा फाडायला ये, पण निघण्याआधी एक फोन कर, म्हणजे तुझ्या दारापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ काढून ठेवतो. खोटं कशाला लिहू, ते मी रोजच काढतो.