प्रोसेसरला वाहिलेल्या अक्षता

वारजे, पुणे
२० ऑक्टोबर २००३

चिरंजीव माधव यास नागोरावाचे तोंडभरून आशीर्वाद. तुझी कंबर, सौ. भाग्यश्रीचे गुडघे आणि परभणीची हवा या तिन्हींचं कसं काय चाललंय ते सवडीनं कळव. झालं, तब्येतीचं विचारून झालं. आता बूड टेकून वाच. अरे, सापडलं! रोग सापडला!

मागच्या आठवड्यात फोनवर मी जे बोललो ते आधी डोक्यातून काढ. बुधवार पेठेतल्या संगणकवाल्या नियाजनं जुना प्रोसेसर नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला, असं मी म्हणालो, आणि तू ते मुख्याध्यापकांच्या कानावर घालून तुमच्या शाळेच्या बारा संगणकांची ऑर्डर थांबवलीस. पुण्याबाहेरची त्याची ती पहिली ऑर्डर, माधवा! (तू इतका आज्ञाधारक झालास कधी? लहानपणी तांब्याभर पाणी आण म्हटलं तरी ऐकायचा नाहीस.)

पण माझंही काय चुकलं सांग. यंत्र म्हणे अडीच गिगाहर्ट्झचं. दसऱ्यापर्यंत पळत होतं, आणि मग काय झालं कोण जाणे, सुरू केल्यावर पाच मिनिटं घोडा आणि पुढे नुसतं रखडणं. मी हातात कागद-पेन्सिल घेऊन चाचण्या केल्या. घड्याळाचा सेल गेलेला, म्हणून हिच्या कुकरवर वेळ मोजली. पत्र लिहायचा प्रोग्रॅम उघडायला दोन शिट्ट्या! तोच प्रोग्रॅम दुपारी, वरणाऐवजी हरभरे लावल्यावर, तीन शिट्ट्या! पडद्यावरचा बालाजीचा फोटो जड असेल म्हणून (क्षमा मागून) काढला. पत्त्यांचा खेळ पुसला. टेबल फिरवून पूर्वेला तोंड केलं. सौ. सत्यशीला म्हणाली, "आता त्याला च्यवनप्राश द्या." मी दुर्लक्ष केलं.

शेवटी काल नियाजला फोनवरून झाडलं. बिचारा ऐन रविवारच्या गर्दीत दुकान सोडून आला. आत आला, चप्पल काढली, काही न विचारता डब्याला कान लावला, आणि म्हणाला, "काका, आतला पंखा फिरत नाहीये." बाजूचा पत्रा उघडला, आणि काय सांगू! प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, आणि कुंकवाचा गोळा!

आता तू हसशील. पण चौतीस वर्षं मी डेपोच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमी केली. तिथं आम्ही बसच्या पत्र्याला हळदकुंकू लावून मोकळे झालो का कधी? बॉनेट उघडायचं आणि इंजिनाची पूजा करायची! नुसत्या डब्याला फूल वाहणं म्हणजे देवळाच्या भिंतीला नमस्कार करून घरी येणं. म्हणून यंदा घरी मी यंत्र बंद करून, चार स्क्रू काढून, थेट प्रोसेसरची यथासांग पूजा केली आणि पत्रा परत लावला. पंखा अडकला, प्रोसेसर तापायला लागला, आणि तापला की तो जळून जाऊ नये म्हणून आपणच वेग कमी करतो म्हणे. केवढं शहाणं यंत्र!

नियाज चिमट्यानं एकेक दाणा वर्तमानपत्रावर काढत होता. म्हणाला, "तांदूळ उत्तम आहे काका. एक कणी नाही." पंखा झाडला, यंत्र सुरू केलं. अरे, कुकरची वाफ धरायच्या आत प्रोग्रॅम हजर! पुन्हा उघडला, पुन्हा हजर! मी सातव्यांदा उघडायला लागलो तेव्हा हिनं गॅस बंद केला.

चहा घेताना मात्र नियाज म्हणाला, "परभणीची शाळा गेली काका. माझा माल जुना असतो असं कुणीतरी त्यांना सांगितलं. जिनतला अजून बोललो नाही, तिनं माहेरी सगळ्यांना कळवून टाकलं होतं." माधवा, मी त्याच्यापुढे चिवडा सरकवला. लाज वाटली रे. ही माझ्याकडे बघत राहिली आणि मी बशीकडे. त्यानं येण्याजाण्याचा एक पैसा घेतला नाही.

तरी हे पत्र मिळताच शाळेत जा आणि नियाजसारखा प्रामाणिक माणूस अख्ख्या पुण्यात नाही, असं ठणकावून सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा दादा,
नागोराव

ता. क. शाळेत जायची घाई करू नकोस. पत्र पोचेपर्यंत उशीर होईल म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच फोन केला. ऑर्डर परत मिळाली! नियाजलाही लगेच कळवलं.

ता. क. दुसरा. मुख्याध्यापकांनी विचारलं, माधवरावांनी आम्हाला सांगितलं खरं, पण ही बदनामी मुळात उठवली कुणी? मी थोरला, त्यातून डेपोचा माजी फोरमन. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. नियाजनंही तेच विचारलं, आणि दोघांना दोन गोष्टी सांगणं बरं दिसलं नसतं. संगणक बसवायला तो दिवाळीनंतर चार दिवस परभणीला येतोय. उतरायची सोय तुझ्याकडे केली आहे. तुला भेटायची त्याची फार इच्छा आहे.