पोपटाच्या नावाचा रिपोर्ट

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सोबतच्या नळीतल्या अर्ध्या मिली रक्ताची खरी किंमत तुझ्या लॅबला कळावी म्हणून लिहितो: एक सदरा, चष्म्याची एक काडी, माझ्या उजव्या अंगठ्याचा लचका आणि तुझ्या वहिनीचा चार दिवसांचा अबोला. रक्त जनावरांच्या डॉक्टरांकडूनच काढून घे, असं तू बजावलं होतंस. पण आजवर सगळं स्वतःच्या हातांनी उभं केलं, तिथे एका पोपटासाठी परक्याचा हात कशाला? वहिनीने टॉवेल धरला, मी सुई धरली, पोपटाने मला धरलं. झटापटीत नळी भरली एवढं खरं.

महिनाभर खोकतोय बिचारा. दुकानामागच्या कोठारात पशुखाद्याचा भुसा भिजला होता, त्याचीच बुरशी छातीत गेलीय, हे मी नुसतं ऐकून सांगतो. गिरणीचं कुठलं बेअरिंग जाणार हे मला दोन खोल्या पलीकडून कळतं. माझ्या कानांना रिपोर्ट लागत नाही. लवकर कळव मात्र. तो गेला तर या घरात माझं ऐकून घेणारं कुणी उरणार नाही.

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे कान खरे ठरले. रक्तात बुरशीची खूण चांगलीच निघाली. पण ही तपासणी रक्त कुणाचं हे विचारत नाही, म्हणून मी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मधोमध ठिपका असतो, माणसाच्या पेशीत नसतो. तुझ्या नळीत तो औषधालाही सापडला नाही. दादा, ते सगळं तुझ्या अंगठ्याचं आहे.

हसून झालं, आता काळजीने लिहिते. हा रिपोर्ट घेऊन उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे जा. माणसांच्या. पोपटाचं रक्त जनावरांच्या डॉक्टरांकडून काढवून पाठव. वहिनीला फोन केलाय, तेव्हा चालढकल चालणार नाही. माझ्यावरचा लोभ राहू दे, हातातली सुई खाली ठेव.

तुझी,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला: पोपट, नर, वय चार, रंग हिरवा. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. बुरशी माझ्याच छातीत निघाली. वेळेवर आलात, म्हणाले. दहा दिवस ठेवून घेतलं, औषध सहा महिने. भिजलेला भुसा तुझ्या वहिनीने माझ्या माघारी फेकून दिला.

पोपटाचं रक्त स्वच्छ आहे, हे तुझं पत्र मिळालं. मग तो खोकतो कसा, हे तुला विचारणार होतो. गरज उरली नाही. मी हॉस्पिटलात असताना एका सकाळी बाहेरच्या खोलीतून खोकला ऐकू आला आणि वहिनीने सवयीने आतूनच सांगितलं, "आलात? चहा टाकते." कप घेऊन बाहेर आली तर नुसता पिंजऱ्यातला पोपट. तिथेच ती रडली, असं शेजारीण सांगते. वहिनी म्हणते, शेजारीण खोटारडी.

पोपट म्हणून का होईना, जीव वाचवलास. अशीच लक्ष ठेवून राहा.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी म्हणते, हा खोकला मी दोन वर्षं रोज सकाळी खोकत होतो. मला एकदाही ऐकू आला नाही.