हसण्याचा शॉट

६ जानेवारी

पोचले एकदाची लिंबाद्रीच्या घरी, आणि मन कसं हलकं झालंय म्हणून सांगू! हे घर म्हणजेच त्याचा स्टुडिओ. गोठा झाला पोलीस ठाणं, माजघराला हिरवा पडदा लावला की दवाखाना, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कॅमेरा बसवला की पाठलाग. कोंड्याचा मांडा करावा तर या माणसाने. गावचेच लोक नट. बायको सुगुणा स्वयंपाक, साड्या आणि रडणं सांभाळते. मोबाईलवर लाखो लोक हे सिनेमे बघतात. मला कॅमेरा आणि शॉटांचं जोडकाम दिलंय. म्हणाला, चेल्ले, कॅमेरा असा धर की माझं पोट दिसता कामा नये. सगळे खदखदून हसले, मीही हसले. चेल्ले म्हणतो मला, धाकटी बहीण! मी खरंच धाकटी बहीण आहे, पण जमुनाची. हे इथे कुणाला ठाऊक नाही.

७ जानेवारी

आमच्याकडे रीत आहे. ज्याने मेल्याचं सोंग केलं, त्याने नंतर उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि ते हसणं टिपून घ्यायचं. म्हणजे यमाला कळतं की खेळ होता. गेल्या साली जमुनक्का याच अंगणात तिरडीवर निजली. ‘बॅटरी संपत आली, माझ्या मारामारीच्या शॉटला हवी,’ म्हणत लिंबाद्रीने तिचं हसणं घेतलंच नाही. आठवड्याच्या आत हळदीच्या रानात तिला साप चावला. आणि या मेल्याने सिनेमावर काय लिहिलं? ‘हिचा खरोखर शेवटचा अभिनय.’ त्या सिनेमावर याचा ट्रॅक्टर आला.

मी त्याला तसंच निजवणार आहे, आणि त्याचंही हसणं घेणार नाही.

११ जानेवारी

गळाला लागला. म्हटलं, अन्ना, बाप मरतो आणि पोरं वाटणीसाठी भांडतात अशी गोष्ट करू. बाप तुम्ही. अख्खा गाव रडेल तुमच्यासाठी. एवढ्यानेच त्याची मान ताठ. सुगुणा वदिना म्हणाली, जिवंतपणी कुणी विचारत नाही, मेल्यावर तरी रडू देत. पण त्याने मला लगेच बजावलं, हसण्याचा शॉट आधी, जेवण मागून. स्वतःच्या जिवाची रीत बरी आठवते!

१६ जानेवारी

झालं. नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार, बायकांनी ऊर बडवले. मग उठला आणि बत्तिशी दाखवून हसला. मी कॅमेरा चालूच केला नव्हता. संक्रांतीचे सकिनालू, तांदळाच्या चकल्या, उरले होते, ताटभर खाल्ले. अक्का गेल्यापासून आज पहिल्यांदा अन्न गोड लागलं.

१७ जानेवारी

दुपारी जोडकाम करताना दिसलं. रडणाऱ्या बायकांच्या मागे एक बाई, तोंडाला हळद फासलेली. शूटिंगच्या वेळी ती तिथे नव्हती. बायकांना मी स्वतः बसवलं होतं.

जमुनक्का!

भीती? छे, नाचावंसं वाटलं. पुन्हा लावलं तर ती बायकांच्या पुढे आलेली. ये गं अक्का, उचल त्याला.

१८ जानेवारी

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लिंबाद्रीने शॉट बघितला, अक्का त्याला दिसलीच नाही, उलट बोंबलला, अगं, मढ्याचं पोट वरखाली होतंय, लोक शिव्या घालतील! म्हणाला, तोंडावर चादर घेऊ. तू निज, तू नुसती काडी आहेस, तुझा श्वासही दिसणार नाही. कॅमेरा मी धरतो. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. शिवाय वाटलं, जुना शॉट कार्डात आहेच, अक्का त्यातच आहे. निजले.

उठून हसले, तर हा कॅमेरा पिशवीत घालत होता. म्हणे, तोंड झाकलेलं होतं ना? यमाला काय कळतंय कोण होतं! आणि कार्डात जागा नव्हती म्हणून जुना शॉट पुसून टाकला. त्याचं मढं पुसलं गेलं. आता माझंच उरलंय.

१९ जानेवारी

नवा शॉट लावला. ती त्यातही आहे. उशाशी येऊन बसलीय. तिला वाटतंय, चादरीखाली तो —

शॉट पुसायला गेले, पुसला जात नाही. माझ्या फोनवर स्वतःचं हसणं टिपलं. बघते तर त्यात मी नाहीच. नुसती पांढरी चादर, नाकापाशी उंच झालेली.

२० जानेवारी

लिंबाद्रीच्या पाया पडले, माझं हसणं घ्या म्हटलं. म्हणाला, बॅटरी चार्जिंगला आहे, उद्या बघू. सुगुणा वदिना विचारत होती, गालाला हळद कसली लागलीय —

दुपार

दार आतून लावलंय. तरी ओल्या हळदीचा वास — ही चादर माझ्या अंगावर कुणी — तिच्याखालूनच लिहितेय —

अक्का, तो बाहेर आहे. अंगणात बसून चहा भुरकतोय, ऐक ना — मी तो नाही गं, मी स्वरूपा — गळा नको — आधी तोंडावरचं काढ, अक्का, एकदा माझं तोंड बघ, म्हणजे तुला